व्हिस्कीवरचा टॅक्स आणि तेरा हजारांची फौज (पेनसिल्वेनिया, १७९१-९४)

जमाखर्च
चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या, इंग्रजांना हाकललं, मग स्वतःचं सरकार आलं आणि लोक गुमान टॅक्स भरायला लागले, अशी काहीतरी आपली अमेरिकेबद्दलची समजूत असते. शाळेत तेवढंच होतं ना. प्रत्यक्षात नवीन संविधानाखाली सरकार येऊन पाच वर्षं होतायत न होतायत तोच खुद्द राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनना स्वतःच्याच लोकांवर जवळजवळ तेरा हजारांची फौज घेऊन निघावं लागलं, आणि कारण काय तर शेतकरी घरी गाळत होते त्या दारूवरचा कर. व्हिस्की रिबेलियन म्हणतात त्याला. गेले काही आठवडे त्याच्यावरच वाचतोय म्हणून हा धागा.

आधी कर लागला कशाला ते. लढाई उधारीवर झाली होती. केंद्राचं कर्ज साधारण ५.४ कोटी डॉलर आणि सगळ्या राज्यांचं मिळून अजून २.५ कोटीच्या आसपास. ट्रेझरी सेक्रेटरी अलेक्झांडर हॅमिल्टनने १७९० मध्ये मांडलं की राज्यांचं कर्जसुद्धा केंद्राने अंगावर घ्यायचं आणि सगळे रोखे दर्शनी किमतीला मान्य करायचे, म्हणजे देशाची पत बसेल. ऐकायला झकास. मेख अशी की हे रोखे मुळात मिळाले होते सैनिकांना पगाराच्या ऐवजी आणि शेतकऱ्यांना धान्याच्या ऐवजी, आणि त्यांनी घर चालवायला ते कधीच विकून टाकले होते, डॉलरला दहा-पंधरा-वीस सेंट जे मिळतील त्या भावाने. घेणारे कोण, तर फिलाडेल्फिया-न्यूयॉर्कचे पैसेवाले आणि सट्टेवाले. म्हणजे आता व्याज खाणार ते, आणि ते व्याज भागवायला कर भरणार कोण तर ज्याने पोटासाठी रोखा विकला तोच, तेही त्याच्या भट्टीवर. हा राग धरल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

३ मार्च १७९१ ला कायदा झाला. बंदरावर जकात आधीपासून होती, पण देशातच तयार होणाऱ्या मालावर केंद्राने लावलेला हा पहिलाच कर. दर दारूच्या कडकपणावर. देशी धान्याची असेल तर गॅलनला ९ ते २५ सेंट, बाहेरून आणलेल्या काकवीची रम असेल तर ११ ते ३०. खेड्यातल्या भट्ट्यांना वेगळा हिशोब, भट्टीच्या मापाप्रमाणे दर गॅलनमागे वर्षाला ६० सेंट, नाहीतर रोजची वही ठेवा, शपथेवर दाखवा आणि गाळाल त्या गॅलनला ९ सेंट भरा.

आता अलेघेनी डोंगराच्या पलीकडचा मुलूख डोळ्यासमोर आणा. पेनसिल्वेनियाचे पश्चिमेकडचे चार जिल्हे, वेस्टमोरलंड, फेएट, वॉशिंग्टन आणि अलेघेनी, मध्ये मोनोंगाहेला नदी, पिट्सबर्ग म्हणजे तेव्हा एक छोटं गाव. जमिनीत राय (गव्हासारखं एक धान्य) भरपूर पिकतं पण विकायचं कुठे? मिसिसिपीतून खाली न्यू ऑर्लिन्सला न्यावं तर तिथे स्पेनवाले बसलेत, पूर्वेला न्यावं तर डोंगर आणि गाडीरस्ता धड नाही, सगळं घोड्यांच्या पाठीवर. एका घोड्यावर राय नुसतं धान्य म्हणून नेलं तर चार बुशेल (धान्याचं माप) जायचं. तेच गाळून पिंपात भरलं तर त्याच घोड्यावर चोवीस बुशेलचा माल. मग कोण कशाला धान्य नेईल! शिवाय नाणं तिकडे दिसायचंच नाही, त्यामुळे मजुरी, देणीघेणी, दुकानाची उधारी, सगळं व्हिस्कीतच.

अशा माणसाला सांगायचं की टॅक्स भर आणि तो रोख भर. माझं म्हणणं एवढंच आहे की या लोकांचं भांडण दारूसाठी नव्हतं आणि निव्वळ रकमेसाठी तर नव्हतंच, वसुलीची जी तऱ्हा ठरवली ती तिकडच्या माणसाला पाळताच येणार नव्हती. होऊ द्या चर्चा.

तिरकस
खुर्च्या मांडल्यात, चकणा आणायला माणूस पाठवलाय. चालू द्या.

रात्रपाळी
मस्त लिहिलंय. पण ९ सेंट म्हणजे नेमकं किती ओझं? आज आपल्याकडे बाटलीच्या किमतीत टॅक्स किती असतो ते बघितलं तर हे किरकोळ वाटतंय.

जमाखर्च
@रात्रपाळी, इथेच गंमत आहे. कर गॅलनवर, किमतीवर नाही. डोंगराच्या पलीकडे व्हिस्की गॅलनला साधारण ५० सेंटला जायची, अलीकडे पूर्वेला तीच डॉलरच्या आसपास. म्हणजे त्याच ९ सेंटचा बोजा पश्चिमेकडच्या माणसावर टक्केवारीत जवळपास दुप्पट. दुसरं म्हणजे कर गाळतानाच द्यायचा, विकल्यावर नाही. अर्धी दारू तर घरात, शेजारात, कापणीच्या मजुरांना जायची, त्याचे पैसे हातात कधी यायचेच नाहीत, तरी कर लागू.

आणि मापावरचा कर बघा. भट्टी किती गॅलनची आहे त्यावर वर्षाचे पैसे ठरले की ती रात्रंदिवस पेटवा नाहीतर सुगीनंतर महिनाभर पेटवा, रक्कम तीच. मोठा कारखानदार बारा महिने गाळणार, त्याला गॅलनमागे कर अगदी थोडा पडणार. शेतकरी राय हातात आल्यावर दोन-चार आठवडे गाळणार, त्याची तेवढ्यातच वाट लागली. पूर्वेकडच्या मोठ्या भट्टीवाल्यांची या कायद्याबद्दल फारशी बोंब नव्हती ती का, ते यावरून कळेल.

कायद्याचं_बोला
धागा छान आहे पण एकाच बाजूने चाललाय म्हणून थोडं पाणी टाकतो.

१७९२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिकडच्या संसदेने, तक्रारी ऐकून कायदा बदलला. खालचा दर ९ वरून ७ सेंट, मापावरचा वार्षिक ६० वरून ५४, आणि ज्याला वर्षभर गाळायचं नाही त्याला महिन्याचं लायसन्स, मापाच्या गॅलनमागे १० सेंट. म्हणजे तुम्ही वर सुगीच्या भट्टीचं जे रडगाणं गायलात त्याच्यावर बऱ्यापैकी उपाय झाला होता. आणि इंग्रजांच्या वेळी ओरड होती ती आमचे प्रतिनिधीच नाहीत म्हणून. इथे तर पश्चिम पेनसिल्वेनियाचे विल्यम फिंडली स्वतः काँग्रेसमध्ये बसलेले. मतदानात हरलात म्हणून कायदा पाळायचा नाही असं कसं चालेल?

शिवाय हॅमिल्टनपुढे पर्याय काय होता? जमिनीवर कर लावला असता तर याहून मोठा भडका उडाला असता. जकात वाढवून वाढवून किती वाढवणार, एका मर्यादेनंतर चोरटी आयात सुरू होते. दारू ही त्यातल्या त्यात चैनीची वस्तू, फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांच्या संस्थेनेही दारूवर जबर कर बसवा असा अर्ज काँग्रेसकडे केला होता. काही वेडावाकडा विचार नव्हता तो.

आणि हे भोळे शेतकरी काय करत होते ते पण लिहा की. सप्टेंबर १७९१, कायद्याला सहा महिने झालेत फक्त. रॉबर्ट जॉन्सन नावाच्या वसुली अधिकाऱ्याला वॉशिंग्टन जिल्ह्यात पिजन क्रीकजवळ रस्त्यात अडवलं, अडवणाऱ्यांतल्या काहींनी बायकांचे कपडे घातलेले, त्याचे केस कापले, अंगाला डांबर फासलं, वर पिसं चिकटवली, घोडा काढून घेतला आणि जंगलात सोडून दिलं. त्यांच्यावरची वॉरंटं बजवायला जॉन कॉनर नावाच्या एका म्हाताऱ्या गुराख्याला पाठवलं, बिचाऱ्याला बहुतेक कागदात काय आहे तेसुद्धा माहीत नसावं, त्यालाही चाबकाने फोडून डांबर लावून झाडाला बांधून ठेवलं. हे असलं आंदोलन?

अनुजा_क
कॉनरचं वाचून वाईट वाटलं. स्वतः यायची हिंमत नाही म्हणून गरिबाच्या हातात कागद देऊन पाठवायचं ही सरकारी रीत सगळीकडे तीच दिसते.

तिरकस
बायकांचे कपडे घालून का पण? आणि त्या काळचे लुगडी-घागरे सांभाळत डांबर फासायचं म्हणजे कसरतच की.

जमाखर्च
@तिरकस, ओळख लपवायला. तोंडाला काजळी, अंगात बायकांचे झगे, गावकऱ्यांची जुनी पद्धत होती ती, युरोपातून आलेली.

@कायद्याचं_बोला, मारहाणीचं समर्थन कोणीच करत नाहीये. पण तुम्ही कोर्टाचा मुद्दा सोडलात, आणि माझ्या मते खरी ठिणगी तीच. कर चुकवल्याचा खटला चालणार फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टात, आणि ते कोर्ट फिलाडेल्फियाला. पिट्सबर्गपासून तीनशे मैल. डोंगर ओलांडून जायचं, तिथे राहायचं, वकील करायचा, यायचं, तोपर्यंत इकडे शेताकडे कोण बघणार? खटला जिंकलात तरी घर बसलं. दंड राहू दे, समन्स हीच शिक्षा.

काँग्रेसला हे पटलं होतं बरं का. जून १७९४ च्या सुरुवातीला कायदा झाला की लांबच्या भागातले असे खटले स्थानिक राज्य कोर्टात चालवता येतील. पण साठहून जास्त भट्टीवाल्यांच्या नावाने समन्स निघाली ती जुन्या नियमाखाली, फिलाडेल्फियाला हजर व्हा म्हणून! आणि ती वाटायला मार्शल, म्हणजे फेडरल कोर्टाचा अधिकारी, डेव्हिड लेनॉक्स जुलैमध्ये पोचला, ऐन कापणीत. लोक शेतात, हातात विळे, दुपारचं प्यायलेले, आणि दारात फिलाडेल्फियाचा अधिकारी. मुद्दाम केलं की बेपर्वाईने झालं यावर इतिहासकारांची अजून जुंपते.

कायद्याचं_बोला
बेपर्वाई. मुद्दाम होतं म्हणायला पुरावा लागतो. हा मुद्दा सोडा, पुढे चला.

मुक्काम_पिट्सबर्ग
एवढा वेळ नुसता वाचत होतो पण आता गाडी माझ्या गल्लीत आली. रोज ऑफिसला जाताना बोवर हिल रोड लागतो, दोन्ही बाजूला घरं, हिरवळी, शाळेच्या पिवळ्या बस, आणि याच टेकडीवर ते सगळं पेटलं होतं.

तिथे जनरल जॉन नेव्हिलचं घर होतं. हा या भागाचा महसूल इन्स्पेक्टर, म्हणजे कर वसूल करून घेणारा मुख्य माणूस. क्रांतीच्या लढाईतला नावाजलेला अधिकारी, मोठा जमीनदार, गुलाम बाळगणारा, आणि स्वतः दारू गाळणारा मोठा भट्टीवाला! गंमत म्हणजे आधी राज्याच्या असेंब्लीत असताना राज्याचा दारूवरचा कर होता त्याला त्यानेच विरोध केला होता, आता केंद्राची नोकरी मिळाल्यावर तोच वसुलीला उभा. जावई आयझॅक क्रेग लष्कराच्या पुरवठा खात्यात, आणि लष्कर व्हिस्की रोखीने घ्यायचं. मग शेजारी काय म्हणत असतील ते सांगायला नको.

१५ जुलै १७९४ ला मार्शल लेनॉक्सला रस्ता दाखवायला नेव्हिल स्वतः बरोबर गेला. विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याला समन्स दिलं, बाचाबाची झाली, निघताना मागून गोळी सुटली. कोणाला लागली नाही, पण बातमी पसरली की फेडरल माणूस लोकांना धरून फिलाडेल्फियाला नेतोय. दुसऱ्या दिवशी पहाटे मिंगो क्रीकच्या मिलिशियातली (गावकऱ्यांचीच हंगामी फौज) तीसेक माणसं घरासमोर उभी, मार्शलला बाहेर काढा म्हणून. मार्शल तिथे नव्हताच. नेव्हिलने हटा म्हणून सांगितलं आणि गोळी घातली, ती ऑलिव्हर मिलरला लागली आणि तो गेला. बाहेरच्यांनी घरावर गोळ्या सुरू केल्या तर मागच्या कोठ्यांतून नेव्हिलच्या गुलामांनीही त्यांच्यावर बंदुका चालवल्या, सहा जण जखमी-बिखमी होऊन जमाव मागे गेला.

१७ जुलैला परत आले ते जवळपास सहाशे. नेतृत्व मेजर जेम्स मॅकफार्लेनकडे, हाही क्रांतीच्या लढाईत लढलेला. घरात नेव्हिलचा मेहुणा मेजर अब्राहम कर्कपॅट्रिक आणि पिट्सबर्गच्या किल्ल्यातून मागवलेले दहाएक सैनिक, नेव्हिलला आधीच जवळच्या ओढ्याच्या घळीत लपवलेला. बोलणी झाली, बायकापोरांना बाहेर जाऊ दिलं, मग गोळीबार सुरू झाला. मध्येच घरातून गोळीबार थांबल्यासारखा वाटला, कोणी म्हणतं पांढरं फडकं दिसलं, मॅकफार्लेन रस्त्यावर पुढे झाला आणि तिथेच त्याला गोळी लागून तो पडला. मग काय, कोठार पेटवलं, मग घर पेटवलं, आतल्यांनी शरणागती पत्करली. सैनिकांना सोडून दिलं हे मात्र खरं.

एकाच बाजूचे, एकाच युद्धातले दोन मेजर आणि एक जनरल, दहा-बारा वर्षांत एकमेकांवर बंदुका रोखून. मॅकफार्लेनची कबर मिंगो क्रीकच्या चर्चच्या आवारात आहे, मृत ऑलिव्हर मिलरच्या घराण्याचं दगडी घर साउथ पार्कमध्ये जपून ठेवलंय, तिथे रविवारी जुन्या पद्धतीने भाकरी-बिकरी भाजून दाखवणारे हौशी लोक असतात. नेव्हिलच्या मुलाचं घर वुडव्हिल म्हणून शिल्लक आहे. बोवर हिलचं काहीच नाही.

अनुजा_क
@मुक्काम_पिट्सबर्ग, ते गुलाम गोळ्या चालवत होते हे पहिल्यांदाच ऐकलं. म्हणजे स्वातंत्र्याच्या नावाने लढणाऱ्या जमावावर मालकाच्या वतीने गुलाम. त्यांच्या मनात काय असेल कोण जाणे. जमाव काही त्यांना सोडवायला आलेला नव्हता.

मुक्काम_पिट्सबर्ग
@अनुजा_क, अजिबात नव्हता. जमावातल्यांपैकी काहींकडेही गुलाम असायचे.

गावकूस
अवांतर आहे पण राहवत नाही. लहान भट्टीवाल्याला कराने जेरीला आणायचं आणि मोठ्याला सवलत पडेल अशी रचना करायची, हे मुंबई इलाख्यात शंभरेक वर्षांनी अगदी उघडपणे झालं. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला, गावोगावच्या मोहाच्या भट्ट्या बंद आणि दारू उरणसारख्या ठिकाणच्या मोठ्या कारखान्यांतून, म्हणजे कर एकाच दरवाजावर उभं राहून घेता येतो. १८९२ मध्ये तर ठाणे-कुलाब्याकडे मोहाची फुलं गोळा करण्यावरच कायदा आणला. फुलं! आदिवासी ती खातातसुद्धा. फरक एवढाच की आपल्याकडे फिंडली कोणी नव्हता सभागृहात बसलेला.

कायद्याचं_बोला
@गावकूस, याच्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की येतो. इथे मिसळू नका नाहीतर दोन्हीचं भजं होईल.

जमाखर्च
गावकूस, खरंच काढा.

पुढचं मी सांगतो. बोवर हिल जळल्यावर डेव्हिड ब्रॅडफर्ड नावाचा वॉशिंग्टन गावचा वकील पुढे आला. आधी सरकारी टपाल लुटून कोण कोण विरोधात लिहितंय ते बघितलं, मग १ ऑगस्टला मिलिशियाला ब्रॅडॉक्स फील्डवर बोलावलं. पिट्सबर्गपासून आठेक मैलांवर, हीच जागा जिथे १७५५ मध्ये इंग्रज जनरल ब्रॅडॉकचा धुव्वा उडाला होता आणि त्याच्या बरोबर तरुण वॉशिंग्टन होता. जमली किती माणसं, सुमारे सात हजार. पिट्सबर्गची वस्ती याच्या पाव हिस्साही नसेल. यातले कित्येक भट्टीवालेच नव्हते, काहींना स्वतःची जमीनही नव्हती. त्यांचा राग दारूच्या करापुरता राहिलाच नव्हता, सगळी चांगली जमीन बाहेरच्या बड्यांच्या नावावर, रोकड नाही, कोर्ट लांब, तिकडे फ्रान्समध्ये गिलोटिन चाललेलं आणि इथेही त्याच्या गप्पा सुरू. पिट्सबर्ग जाळायचं असा सूर होता.

शहर वाचलं कसं? ह्यू हेन्री ब्रॅकनरिज नावाचा वकील-लेखक होता, जमावात राहून दोन्हीकडे पाय ठेवणारा. शहरातल्यांनी ठरवलं की विरोध करायचाच नाही. जमाव शिस्तीत गावातून चालवत नेला, दुसऱ्या टोकाला जेवणाची आणि फुकट व्हिस्कीची सोय, आणि मग नदीपार. ब्रॅकनरिजने पुढे लिहून ठेवलंय की त्या दिवशी त्याची चार पिंपं जुनी व्हिस्की गेली, पण घराची आग विझवत बसण्यापेक्षा यांची तहान विझवलेली बरी!

तिरकस
हा माणूस आपला. व्हिस्कीच्या टॅक्सवर चिडलेल्या जमावाला व्हिस्कीच पाजून वाटेला लावला. मागे काही गेलं का पण?

मुक्काम_पिट्सबर्ग
@तिरकस, कर्कपॅट्रिकच्या मालकीचं नदीपलीकडचं धान्याचं कोठार जाळलं. शहरातलं घर थोडक्यात वाचलं.

अजून एक पात्र राहिलं, टॉम द टिंकर. तो एक माणूस नव्हताच. जो भट्टीवाला मुकाट नोंदणी करून कर भरेल त्याच्या भट्टीला रात्री गोळ्या घालून भोकं पाडायची आणि मग टॉम टिंकर येऊन भट्टी दुरुस्त करून गेला असं म्हणायचं, टिंकर म्हणजे कल्हईवाला-भांडी सांधणारा ना. त्याच्या सहीची धमकीची पत्रं पिट्सबर्ग गॅझेटमध्ये छापून यायची, संपादकालाच दम असायचा की छाप नाहीतर बघ. कॉक्रन नावाच्या एका भट्टीवाल्याची भट्टी अशी "दुरुस्त" झाली. त्यामुळे शेजाऱ्यांची एकजूट वगैरे जे म्हणतात त्यातली बरीचशी भीतीपोटी होती.

कायद्याचं_बोला
हेच मी कधीपासून म्हणतोय. कर भरायला तयार असलेल्या गरीब भट्टीवाल्याचं संरक्षण सरकारने करायचं नाही तर कुणी?

आणि वॉशिंग्टनने काही लगेच तोफा काढल्या नाहीत. १७९२ च्या मिलिशिया कायद्यात अट होती की कोर्टाच्या हाताबाहेर गेलंय असं न्यायाधीशाने लिहून द्यायला हवं. सुप्रीम कोर्टाचे जेम्स विल्सन यांनी ४ ऑगस्टला तसं लिहून दिलं, ७ ला जाहीरनामा निघाला, आणि एकीकडे बोलणी करायला तीन जणांचं पथक पाठवलं, माफीची ऑफर घेऊन. शपथेवर सह्या करा, मागचं माफ. बऱ्याच जणांनी केल्यासुद्धा.

जमाखर्च
बोलणी चालू असतानाच फौज गोळा करायची तयारी झाली होती, तेही लिहा ना.

पेनसिल्वेनिया, न्यू जर्सी, मेरीलँड, व्हर्जिनिया मिळून १२,९५० मिलिशिया. क्रांतीच्या लढाईत वॉशिंग्टनच्या हाताखाली बरेचदा एवढीही माणसं नसायची. सेनापती व्हर्जिनियाचा गव्हर्नर हेन्री ली, म्हणजे सिव्हिल वॉरमधला दक्षिणेकडचा सेनापती रॉबर्ट ई. ली याचा बाप. वॉशिंग्टन कार्लाइल आणि पुढे बेडफर्डपर्यंत स्वतः आले, पदावर असताना फौजेबरोबर असा निघालेला एकमेव राष्ट्राध्यक्ष. ऑक्टोबरअखेर ते परत गेले, हॅमिल्टन मात्र शेवटपर्यंत बरोबर. ज्याने कर लावला तोच फौजेबरोबर आरोपींच्या जबान्या घेतोय, हे तेव्हाही लोकांना खटकलं होतं.

तिथे पोचून बघतात तर लढायला समोर कोणीच नाही. बंड जाहीर झालं, त्याच्यावर फौज निघाली, पण ते सापडलं काही नाही, असा पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनने नंतर टोमणा मारला. १३ नोव्हेंबरच्या रात्री घराघरातून दीडशेच्या आसपास माणसांना थंडीत उपसून बाहेर काढलं. अर्धे कपडे, अनवाणी, चिखल. त्यातल्या बहुतेकांविरुद्ध काहीच नव्हतं. शेवटी वीस जणांना चालवत फिलाडेल्फियाला नेलं आणि नाताळच्या दिवशी रस्त्यातून मिरवलं. ब्रॅडफर्ड आधीच नदीतून स्पेनच्या हद्दीत पळालेला. खटले चालले दहा जणांवर, दोषी ठरले दोन, जॉन मिचेल आणि फिलिप वायगल. दोघांना फाशी, आणि दोघांनाही १७९५ मध्ये वॉशिंग्टनने माफी दिली, एक भोळसट, दुसरा वेडसर म्हणून.

या सगळ्याचा खर्च साधारण १५ लाख डॉलर!

रात्रपाळी
वायगल म्हणजे पिट्सबर्गची ती विगल व्हिस्की? भावाने मागे बाटली आणली होती, लेबलवर काहीतरी बंडाचं लिहिलेलं.

मुक्काम_पिट्सबर्ग
@रात्रपाळी, तीच. स्ट्रिप डिस्ट्रिक्टमध्ये आहे त्यांची डिस्टिलरी, त्याच माणसाच्या नावाने. राय चांगली आहे. आणि ब्रॅडफर्डचं घर वॉशिंग्टन गावात मेन स्ट्रीटवर म्युझियम आहे, जुलैत तिथे या बंडाचा उत्सव असतो, डांबर-पिसांचं नाटकसुद्धा करून दाखवतात (डांबर खोटं असतं).

रात्रपाळी
वा. मी पण एक सापडलेलं टाकतो. निवृत्त झाल्यावर वॉशिंग्टननी माउंट व्हर्ननला १७९७ मध्ये स्वतःच दारूची भट्टी टाकली. जेम्स अँडरसन नावाच्या स्कॉटिश मॅनेजरने डोक्यात भरवलं. पाच तांब्याच्या भट्ट्या, मिळून माप ६१६ गॅलन, काम करायला गुलाम माणसं, आणि १७९९ मध्ये जवळपास ११,००० गॅलन व्हिस्की निघाली. टॅक्सही भरला, ३३२ डॉलर आणि वर काही सेंट. वर दिलेल्या ५४ सेंटने ६१६ ला गुणून बघा, बरोब्बर ३३२.६४ येतात.

आता बारा महिने चालणारी भट्टी असेल तर गॅलनमागे कर किती पडला? ३३२.६४ भागिले ११,००० म्हणजे ३ सेंट. लहान शेतकऱ्याला वही ठेवून ७. जमाखर्च यांचा वरचा मुद्दा खुद्द राष्ट्रपित्याच्या खतावणीतून सिद्ध!

जमाखर्च
@रात्रपाळी, हे फार भारी काढलंत. वाचनखूण साठवली.

कायद्याचं_बोला
भरला ना पण त्याने. भोकं नाही पाडली कुणाच्या भट्टीला.

निवांत
उशिरा आलो. फौजेमुळे वसुली सुरू झाली का पण शेवटी? की १५ लाख पाण्यात?

जमाखर्च
पेनसिल्वेनियात थोडीफार झाली, आणि त्याचं एक कारण मजेशीर आहे. एवढी माणसं-घोडी तिथे आली, त्यांना खायला-प्यायला लागलं, ते सरकारने रोखीने घेतलं. ज्या मुलखात नाणं दिसत नव्हतं तिथे फौजेनेच रोकड आणून ओतली आणि त्यातून टॅक्स भरता आला. आणि १७९५ मध्ये स्पेनशी तह होऊन मिसिसिपी मोकळी झाली, म्हणजे माल खाली न्यायची वाट उघडली. ही दोन कामं आधी केली असती तर?

केंटकी राज्यात मात्र वसुलीवाल्यांना कुणी हाकलायलाच लागलं नाही. तिथे तर खटले चालवायला फेडरल वकीलच मिळेना, ज्याला विचारावं तो नको म्हणे. वसुलीचा प्रमुख थॉमस मार्शल, पुढे सरन्यायाधीश झालेल्या जॉन मार्शलचा बाप, कागद रंगवत बसलेला. तिकडे फौज नाही गेली. लांब होतं आणि पश्चिम पेनसिल्वेनिया तेव्हाच्या राजधानीच्या, फिलाडेल्फियाच्या, त्यामानाने जवळ, दाखवायला सोयीचं.

कायद्याचं_बोला
शेवटचं वाक्य तुमचं मत आहे. केंटकीत कुणी इन्स्पेक्टरचं घर सहाशे माणसं नेऊन जाळलं नव्हतं, हेही एक साधं कारण असू शकतं.

निवांत
आणि कर गेला कधी?

जमाखर्च
१८०२ मध्ये, जेफरसन आल्यावर. रद्द करणारा ट्रेझरी सेक्रेटरी अल्बर्ट गॅलटिन, मूळचा जिनिव्हाचा, फेएट जिल्ह्यात स्थायिक झालेला, आणि १७९२ मध्ये पिट्सबर्गला कराविरुद्ध जी सभा झाली तिचा सेक्रेटरी हाच! वसुली अधिकाऱ्यांशी संबंध ठेवू नका, मदत करू नका असे ठराव झाले होते त्यावर याची सही. नंतर १७९५ मध्ये असेंब्लीत म्हणाला की राजकारणातलं माझं एकमेव पाप म्हणाल तर ते. १८१२ ची लढाई आल्यावर पैसे कमी पडले आणि तोच कर १८१४ पासून परत बसला, १८१७ ला गेला, १८६२ मध्ये सिव्हिल वॉरच्या खर्चासाठी आला तो आलाच.

तिरकस
गॅलटिनची आधी सभेत सही, मग मंत्री होऊन रद्द. आपल्याकडे उलटा क्रम असतो.

गावकूस
मोहाच्या फुलांचा धागा काढतोय, रविवारपर्यंत. @मुक्काम_पिट्सबर्ग, त्या मिंगो क्रीकच्या चर्चचे फोटो असतील तर इथे चिकटवा.

मुक्काम_पिट्सबर्ग
आहेत, पण सगळे बर्फातले, कबरीचा दगड अर्धा गाडला गेलाय. मे महिन्यात परत जाईन तेव्हा टाकतो.